स्पर्धेआधीची धडधड आणि कानातलं संगीत

दहा_पूर्णांक_नऊ (सोमवार, रात्री 9:40)

मंडळी, मी 10 मीटर एअर रायफल शिकवते. पुढच्या महिन्यात आमच्या रेंजवरची काही मुलं राज्य स्पर्धेला जाणार आहेत, आणि दरवर्षीप्रमाणे पालकांचे फोन सुरू झालेत. "मॅडम, सरावात छान मारतो, मॅचला हात थरथरतो. काय करू?" त्या निमित्ताने हा धागा.

स्पर्धेच्या ठिकाणी व्हरांड्यात बसलेल्या बहुतेक मुलांच्या कानात इयरफोन असतो. काय ऐकता विचारलं तर कुणी ढोल-ताशा, कुणी पंजाबी रॅप, कुणी सिनेमातलं एखादं दणदणीत गाणं. "जोश येतो, मॅडम." तो जोश काही खेळांत कामाचा असेल. आमच्या खेळात तो थेट नळीच्या टोकावर दिसतो. ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी सांगते: आमच्या टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. 75 मिनिटांत 60 शॉट मारायचे असतात, तेही उभ्याने. हृदयाचा ठोका शरीरातून रायफलपर्यंत पोचतो आणि चांगला नेमबाज दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत ट्रिगर दाबायला शिकतो. ठोके वाढले की ती जागाच आक्रसते.

ठोके औषधाने कमी करता येतात, म्हणूनच बीटा-ब्लॉकर गोळ्यांवर आमच्या खेळात बंदी आहे. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सूची दोन पदकं याच कारणाने काढून घेतली गेली. मग आपल्या हातात उरतं काय? श्वास, झोप, सराव आणि संगीत.

माझं मत थोडक्यात मांडते, मग तुम्ही बोला. स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदाच 'शांत करणारं' काहीतरी लावून फारसा उपयोग होत नाही. तेच संगीत, त्याच क्रमाने, सरावाच्या दिवसांत महिनोन्‌महिने ऐकलेलं असेल तर शरीर ते ओळखतं. आणि ते रिपोर्टिंगच्या, म्हणजे स्पर्धेसाठी हजर होण्याच्या, बरंच आधी बंद करावं लागतं. बंद केल्यानंतरचा वेळही तितकाच महत्त्वाचा असतो, पण त्याचा विचार कुणी करत नाही.

एक मुलगी आहे माझ्याकडे. स्पर्धेला आली की रायफलच्या पेटीवर बसते आणि उजव्या पायाची टाच जमिनीवर आपटत राहते, अखंड. तिला मी संथ सतार लावून दिली होती. पहिली काही मिनिटं टाच तशीच आपटत होती, गाण्याशी काही संबंध नसल्यासारखी. मग मध्ये मध्ये थांबायला लागली. मग तिने जॅकेटची बकलं पुसायला घेतली आणि पाय आपोआप शांत झाला. तिला मी काहीही सांगितलं नव्हतं. आता सरावालाही ती आधी सतार ऐकते, मग बकलं पुसते, मग जॅकेट चढवते.

तुमच्या खेळात काय चालतं? खेळाडू, पालक, गाणारे-वाजवणारे, डॉक्टर, सगळ्यांनी लिहा.

---

लाल_माती (सोमवार, रात्री 10:25)

कोल्हापूरकर म्हणून उलट बाजू मांडतो ताई.

आमच्याकडं हलगी वाजल्याशिवाय कुस्ती होत नाही. खासबाग मैदान शाहू महाराजांनी बांधलं, 1912 साली. तिथं नंबरातली कुस्ती लागली आणि हलगी-घुमक्याचा कडकडाट सुरू झाला की वरच्या पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्याचंसुद्धा रक्त उसळतंय. पैलवानाला शांत करून कसं चालंल? समोरचा पहिल्या सलामीतच पट काढंल.

पण एक गोष्ट तुमच्या बाजूची. आमचे वस्ताद जोड (लढणारे दोघं) पुकारेपर्यंत पैलवानाला हलगीच्या जवळ फिरकू देत नसत. मैदान दुपारी सुरू व्हायचं, मोठी कुस्ती संध्याकाळी. तोवर पोरगं तालमीत पडून. दार लोटलेलं, कुणी बोलायचं नाही, कुस्तीचा विषय तर अजिबात नाही. वस्ताद म्हणायचे, आत्ता तापलास तर संध्याकाळी राख उरंल. मग पुकारा झाला की लांघ कसायची, माती लावायची, आणि हलगीत शिरायचं. म्हणजे आधी गार, मग गरम. आमच्याकडं त्याला कुणी शास्त्र म्हणालं नाही एवढंच.

---

दहा_पूर्णांक_नऊ (सोमवार, रात्री 10:38)

लाल_माती दादा, हे फार मोलाचं लिहिलंत. दुपारपासून चेतवत ठेवलं तर संध्याकाळपर्यंत माणूस संपतो, हे मी कितीतरी मुलांच्या बाबतीत पाहिलंय. सकाळी सातला रेंजवर येतात, डिटेल (नेमबाजांची तुकडी) लागते साडेअकराला, आणि मधले साडेचार तास कानात ढोल.

---

लेन_चार (सोमवार, रात्री 11:05)

मी पोहायचो, राष्ट्रीय शालेय स्पर्धेपर्यंत. आमच्याकडे हेडफोनचं खूळ आलं ते मायकल फेल्प्समुळे. 2008 ला बीजिंगमध्ये त्याने आठ सुवर्णं घेतली, आणि प्रत्येक शर्यतीआधी तो कानात हिपहॉप घालून फिरताना टीव्हीवर दिसायचा. उडी मारायच्या ब्लॉकजवळ येईपर्यंत हेडफोन कानातच.

माझा प्रश्न हा की तो ऐकत होता ते काही संथ संगीत नव्हतं. तरी तो कसा एकदम थंड दिसायचा! मग टेम्पोचा एवढा बाऊ करायची गरज आहे का? मला वाटतं त्याला आजूबाजूचं काही ऐकू येत नव्हतं, हाच मुख्य फायदा. कॉल रूम, म्हणजे शर्यतीआधी सगळ्यांना बसवतात ती खोली, ही भयानक जागा असते. आठ जण समोरासमोर बसलेले, कुणी मांड्या थोपटतंय, कुणी मुद्दाम तुमच्याकडे टक लावून बघतंय, कुणी मोठ्याने सांगतंय की काल सरावात काय टायमिंग आलं. कानात काहीतरी असलं की निदान हे ऐकावं लागत नाही. मला तर नुसतं कान बंद करूनही बरं वाटायचं.

---

मनोव्यापार (मंगळवार, सकाळी 7:50)

क्रीडा मानसशास्त्राची विद्यार्थिनी आहे म्हणून थोडं लिहिते.

लेन_चार यांच्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं युरी हानिन या मानसशास्त्रज्ञाच्या मांडणीत सापडतं. प्रत्येक खेळाडूचा स्वतःचा एक पट्टा असतो, तेवढ्या उत्तेजनेत त्याचा खेळ सर्वात चांगला होतो. एकाच संघातल्या दोघांचे पट्टे एकदम वेगळे असू शकतात. त्यामुळे 'शांत व्हा' हा सगळ्यांना सरसकट द्यायचा सल्ला नाही. आधी त्या मुलाचे चांगले गेलेले सामने आठवायला लावायचे: तेव्हा पोटात कसं वाटत होतं, झोप लागली होती का, बोलावंसं वाटत होतं की गप्प बसावंसं? त्यावरून त्याचा पट्टा कळतो. मग गाणं निवडायचं.

दुसरी गोष्ट. ॲलिसन वुड ब्रूक्स यांचं 2014 चं संशोधन आहे. गाणं म्हणायचं, भाषण करायचं किंवा गणिताची परीक्षा द्यायची अशा प्रसंगी लोकांना स्वतःशी काय म्हणायला लावलं तर काय होतं, हे त्यांनी तपासलं. 'मी शांत आहे' म्हणणाऱ्यांपेक्षा 'मला उत्साह वाटतोय' म्हणणाऱ्यांची कामगिरी चांगली झाली. धडधड दोन्हीकडे असतेच. भीतीतून उत्साहात जाणं हे भीतीतून शांततेत जाण्यापेक्षा सोपं पडतं, कारण शरीराला फार काही बदलावं लागत नाही. धावणं, कुस्ती, कबड्डी यांत ही वाट जास्त बरी. नेमबाजी, तिरंदाजी, स्नूकर यांत मात्र ठोके खरोखर खाली आणावे लागतात, तिथे ताईंचं बरोबर आहे.

---

विलंबित (मंगळवार, सकाळी 10:15)

मी गाणं शिकवतो, खेळाशी संबंध प्रेक्षक म्हणून. पण धाग्यात 'संथ सतार' वाचलं आणि राहवलं नाही, कारण यात एक मोठा धोका आहे.

सतारीचं पूर्ण वादन आलापाने सुरू होतं. आलापाला ठेका नसतो, तबला नसतो. स्वर येतो, थांबतो, विरतो. मग जोड येतो, तिथे लय दिसायला लागते. आणि शेवटी 'झाला' नावाचा भाग, तो इतका द्रुत (जलद) असतो की ऐकणाऱ्याचा श्वास वरच्या वर राहतो. पुढे तबल्यासोबतची गत आली की तिचाही शेवट द्रुतच. आता एखाद्या मुलीने अर्ध्या तासाचं रेकॉर्डिंग लावलं आणि ते संपता संपता तिचं नाव पुकारलं, तर ती झाल्याच्या शिखरावर असताना उठणार! 'शास्त्रीय आहे म्हणजे शांत आहे' असं समजून पालक हे लावून देतात. ख्यालाचंही तेच. गायनातला बडा ख्याल विलंबित (संथ) एकतालात निवांत चालतो, पण त्याला जोडून छोटा ख्याल येतो, ताना येतात, आणि मैफल तापते. तिची रचनाच तशी असते.

तेव्हा फक्त आलापाचा भाग कापून घ्या. आलाप नको वाटला तर नुसता तानपुरा. मोबाइलवर तानपुऱ्याची ॲप्स मिळतात, मुलाला बरा वाटेल तो षड्ज (सा) लावायचा आणि आवाज कमी ठेवायचा. त्यात पुढे काही घडत नाही, त्यामुळे कान कशाची वाट बघत नाही.

आणखी एक. शब्द असलेलं गाणं लावलं तर मन शब्दांमागे जातं. कुणाला त्याचा उपयोग होतो, कारण चिंतेला जागा उरत नाही. पण त्या गाण्याला आठवणी चिकटलेल्या असतात. मोठ्या बहिणीच्या लग्नातलं गाणं, आजोबा गेले तेव्हा रेडिओवर लागलेलं गाणं. ते कधी उसळी मारतील सांगता येत नाही.

---

दहा_पूर्णांक_नऊ (मंगळवार, सकाळी 10:50)

विलंबित सर, मनापासून आभार. झाल्याचा मुद्दा आमच्या क्षेत्रात कुणी बोलताना मी ऐकला नाही. आज संध्याकाळीच मुलांच्या फायली तपासते. तुम्हाला हरकत नसेल तर कोणत्या रागाचा आलाप लावावा हेही सांगा.

---

विलंबित (मंगळवार, दुपारी 1:20)

राग सांगायला संकोच वाटतो, कारण अमुक राग म्हणजे अमुक परिणाम असं औषधाच्या दुकानासारखं ते नसतं. भूप, यमन, दुर्गा यांचा आलाप नवख्या कानालाही सहज रुचतो, एवढं म्हणेन. स्पर्धा सकाळी असेल तर यमन हा संध्याकाळचा राग कसा लावायचा, असं माझ्या गुरूंनी विचारलं असतं. पण मुलाला तो आवडत असेल तर खुशाल लावा.

---

स्टेथो (मंगळवार, दुपारी 3:05)

विलंबित यांच्या म्हणण्याला वैद्यकातून एक आधार देतो. लुचियानो बर्नार्डी हे इटलीतले संशोधक. त्यांच्या गटाचा 2006 साली 'हार्ट' या नियतकालिकात एक अभ्यास आला. 24 तरुण, निम्मे संगीत शिकलेले, निम्मे न शिकलेले. त्यांना सहा प्रकारचं संगीत ऐकवलं: विवाल्डीचं जलद, बीथोव्हनचं संथ, रॅप, टेक्नो, वेबर्नचं आधुनिक, आणि सहावा आपला राग, सतारीवर. श्वास, रक्तदाब, हृदयाचे ठोके सगळं मोजलं. लय जलद तसे श्वास आणि ठोके वाढले. इथवर कुणालाही अंदाज करता येईल.

खरी गंमत पुढे. दोन तुकड्यांच्या मध्ये त्यांनी दोन मिनिटांची शांतता ठेवली होती. त्या शांततेत ठोके आणि रक्तदाब संगीत सुरू व्हायच्या आधीच्या पातळीच्याही खाली गेले. म्हणजे नुसतं गप्प बसण्यापेक्षा, संगीत ऐकून मग गप्प बसल्यावर शरीर जास्त सैलावलं. ताई म्हणतात की बंद केल्यानंतरचा वेळ महत्त्वाचा, त्याला हा थेट दुजोरा आहे.

मात्र हे निवांत बसलेले निरोगी तरुण होते, पदकासाठी आलेले खेळाडू नव्हते. स्पर्धेच्या दिवशी ॲड्रेनलिन उसळलेलं असताना परिणाम तितकाच होईल असं मी रुग्णाला सांगणार नाही. दिशा तीच राहील एवढं सांगेन.

---

वेंगुर्ल्याची_वहिनी (मंगळवार, रात्री 8:45)

माझा मुलगा टेबल टेनिस खेळतो. तो गाणी ऐकत नाही. सामन्याआधी कोपऱ्यात जाऊन रामरक्षा म्हणतो, अगदी हळू आवाजात, ओठ हलताना दिसतात. सासूबाईंनी लहानपणी शिकवलेली. त्याच्या प्रशिक्षकांना आधी वाटलं हा देवभोळेपणा आहे. पण संपूर्ण म्हणून झाली की त्याचा चेहरा बदललेला असतो. हे संगीत म्हणायचं का? धाग्यात बसत नसेल तर क्षमस्व.

---

स्टेथो (मंगळवार, रात्री 9:10)

वहिनी, अगदी बसतं. त्याच बर्नार्डींचा 2001 चा 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधला अभ्यास आहे. कॅथलिक जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि 'ॐ मणि पद्मे हूं' हा मंत्र, दोन्ही म्हणताना लोकांचा श्वास मिनिटाला साधारण सहापर्यंत खाली आला. एरवी आपण मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. सहाच्या आसपास श्वास आला की हृदय आणि रक्तदाब यांची लय जुळते आणि शरीर सावरतं. रामरक्षेसारखी अनुष्टुभ छंदातली ओळ एका दमात म्हणायची तर उच्छ्वास लांबणारच. तुमचा मुलगा तोंडाने म्हणतो हे महत्त्वाचं आहे. नुसतं कानाने ऐकलं तर श्वास आपला आपण चालत राहतो, म्हणताना मात्र तो ओळीच्या लांबीने बांधला जातो.

---

शिस्त_हवी (मंगळवार, रात्री 10:30)

सगळं वाचलं. स्पष्ट बोलतो, राग नसावा.

मी ॲथलेटिक्सचा जिल्हा पातळीवरचा पंच आहे. मुलं हेडफोनमुळे पुकारा चुकवतात हे दर स्पर्धेत बघतो. नाव तीनदा पुकारलं, पोरगं भिंतीला टेकून डोळे मिटून बसलंय, आणि शर्यत गेली. मैदानात मोबाइल, रेडिओ, प्लेअर काही चालत नाही, हा आमच्या खेळाचा आंतरराष्ट्रीय नियम आहे. मग ज्याची सवय लावली तेच ऐन वेळी हातातून काढून घेतलं जाणार असेल तर सवय लावायचीच कशाला? बॅटरी संपली, फोन हरवला, पावसात भिजला, की मूल कोलमडलं.

स्वप्नील कुसाळेचं बघा. आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा पोरगा. पॅरिसला 1 ऑगस्ट 2024 रोजी 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य घेतलं. नंतर त्याने सांगितलं की पोटात गोळा आला होता, सकाळी काही खाल्लं नाही, काळा चहा घेतला आणि रेंजवर आलो, श्वासावर लक्ष ठेवलं. श्वास कुणी काढून घेऊ शकत नाही.

---

दहा_पूर्णांक_नऊ (मंगळवार, रात्री 11:15)

शिस्त_हवी सर, राग कसला, हेच ऐकायचं होतं. पुकाऱ्याबद्दल शंभर टक्के सहमत. माझा नियम आहे की एक कान मोकळा ठेवायचा, आणि सोबत आलेल्या दुसऱ्या मुलाने पुकाऱ्याकडे लक्ष ठेवायचं.

फायरिंग लाइनवर आमच्याकडेही इलेक्ट्रॉनिक काहीच चालत नाही. आवाज अडवणारे साधे इयरप्लग चालतात, इलेक्ट्रॉनिक कानझापही नाही. म्हणूनच मी बंद करण्याचा वेळ धरून सराव करून घेते. स्वप्नीलच्या श्वासाबद्दल तुम्ही लिहिलंत ते खरंच आहे, पण तो श्वास त्याने वर्षानुवर्षांच्या सरावाने कमावला. तेरा वर्षांच्या मुलीला 'श्वासावर लक्ष ठेव' म्हटलं की ती श्वास मोजायला लागते आणि आणखी घाबरते. आलाप ऐकताना तिचा श्वास आपसूक लांबतो, तो लांबलेला श्वास कसा लागतो हे तिला एकदा कळतं, मग फोनशिवायही तिथे पोचता येतं. मोठी मुलं सहा-आठ महिन्यांत फोन बाजूला ठेवतात आणि मनातल्या मनात तोच आलाप धरतात. काही जणी गुणगुणतात.

---

उत्तर_लंडन (बुधवार, पहाटे 3:40)

इथे रात्र असल्याने आत्ता लिहितोय. या विषयावर इथल्या ब्रुनेल विद्यापीठात कोस्टास कारागेओर्गिस यांनी अनेक वर्षं काम केलंय, शोधून वाचण्यासारखं आहे. त्यांच्यासह डॅनियल बिशप यांनी 2007 मध्ये तरुण टेनिसपटूंचा अभ्यास केला. ती मुलं कुणीही न शिकवता मूडप्रमाणे गाणी निवडत होती, चेतवायला वेगळी आणि सैल व्हायला वेगळी, आवाजही कमी-जास्त करत होती.

शर्यत चालू असताना संगीत किती काम करतं याचं उदाहरण म्हणजे हाइले गेब्रसेलासी. 1998 मध्ये बर्मिंगहॅमला इनडोअर 2000 मीटरचा विश्वविक्रम त्याने केला (4:52.86) तेव्हा स्टेडियमच्या भोंग्यावर त्याच्या आवडीचं एक नाचाचं गाणं लावलं होतं आणि त्याची पावलं त्या ठेक्यावर पडत होती. अमेरिकेत 2007 साली रस्त्यावरच्या शर्यतींत हेडफोनवर बंदी आली, पुढच्या वर्षी हौशी धावकांसाठी ती सैल केली. आणि टोकियोला स्केटबोर्डिंगची मुलं चक्क कानात इयरफोन घालून ऑलिंपिक खेळली. खेळागणिक नियम वेगळे, ते आधी बघून घ्यावेत.

---

चढाई (बुधवार, सकाळी 9:20)

कबड्डीतून एक प्रश्न, कारण आमच्याकडे संगीत एकट्याचं नसतंच. बसमध्ये मोठा स्पीकर, एकच गाणं सगळ्यांना. बारा मुली. दहा जणी नाचतात. उरलेल्या दोघींतली एक आमची मुख्य चढाईपटू, तिला सामन्याआधी मळमळतं. ती खिडकीला डोकं टेकून बसते. ती नाचत नाही म्हणून बाकीच्या तिला भाव खाते म्हणतात. बिचारी मग नाचायला उठते आणि मैदानात पहिल्या चढाईत दम पुरत नाही.

---

मनोव्यापार (बुधवार, सकाळी 9:55)

चढाई, हा पट्ट्याचाच प्रश्न आहे आणि तो प्रशिक्षकांनी सोडवायला हवा, मुलींवर सोडू नका. संघाला एकत्र बसवून उघड सांगा की प्रत्येकीचं तयार होणं वेगळं असतं. बसमध्ये ज्याचं त्याने ऐकावं. जर्सी घालून झाली की मगच स्पीकर, तोही एकाच गाण्यापुरता, आणि ते गाणं सगळ्यांनी मिळून निवडलेलं. लाल_माती यांच्या वस्तादांचा क्रम इथेही लागू पडतो.

---

लाल_माती (बुधवार, सकाळी 10:30)

+१. वस्तादांना सांगतो, तालमीतनं बाहेर पडून नेटवर आलाय म्हणून.

---

नवखी_पालक (बुधवार, दुपारी 4:10)

माझी मुलगी बारा वर्षांची आहे, तिरंदाजी शिकते. साताऱ्याच्या अदिती स्वामीने 2023 मध्ये बर्लिनला जागतिक विजेतेपद मिळवलं तेव्हापासून तिला वेड लागलंय. पहिली जिल्हा स्पर्धा तीन आठवड्यांवर आहे. ताई, नेमकं काय करू? आणि तिला सतार अजिबात आवडत नाही.

---

दहा_पूर्णांक_नऊ (बुधवार, सायंकाळी 7:30)

मग सतार नकोच. न आवडणारं संगीत लादलं तर ते ऐकणं हेच एक ओझं होतं. तिला स्वतः तीन-चार गाणी निवडू द्या, अट एकच: ऐकताना पाय किंवा बोटं ठेका धरायला लागली तर ते गाणं यादीबाहेर. बासरी, एखादं निवांत भावगीत, इंग्रजी पियानो, काहीही चालेल. मग बसवून ऐकवा आणि तिला स्वतःचाच हात गळ्याच्या बाजूला ठेवून नाडी बघायला सांगा. मुलांना हे फार आवडतं. कोणत्या गाण्याला नाडी मंदावते ते तिचं तीच शोधेल आणि मग तुम्हाला पटवावं लागणार नाही.

तीन आठवडे आहेत, तर आजपासून प्रत्येक सरावाआधी तीच यादी, त्याच क्रमाने. संपली की फोन पिशवीत, पिशवीची चेन बंद, आणि मग धनुष्य जोडायला घ्यायचं. जोडणी होईपर्यंत तुम्ही तिच्याशी बोलू नका, हे सर्वात अवघड आहे हे मला माहीत आहे. "पाणी प्यायलीस का", "नीट मार हं", "बाबांनी फोन केला होता" यातलं काहीच नको. स्टेथो यांनी सांगितलेली ती दोन मिनिटं तिची असू देत. आणि पहिल्याच स्पर्धेत फरक दिसला नाही तरी यादी बदलू नका. सवय लागायला वेळ लागतो.

---

नवखी_पालक (बुधवार, रात्री 8:05)

खूप खूप धन्यवाद. बोलायचं नाही हे खरंच मला जमवावं लागेल. एक शेवटचं: तिच्या सरांनी सांगितलं की मोठ्या स्पर्धांत फायनलला मैदानावरच जोरात गाणी लावतात. मग इतकं शांत करून उपयोग काय?

---

दहा_पूर्णांक_नऊ (बुधवार, रात्री 9:00)

बरोबर सांगितलं त्यांनी. आमच्याकडेही फायनलमध्ये हॉलमध्ये संगीत असतं, निवेदक बोलत असतो, लोक टाळ्या वाजवतात. ते गाणं आपण निवडलेलं नसतं आणि बंद करणंही आपल्या हातात नसतं. त्यासाठी वेगळा सराव लागतो. मी शनिवारी मॉक फायनल घेते तेव्हा रेंजवर स्पीकर लावते, गाणी दुसऱ्या बॅचच्या मुलांनी आणलेली, मुद्दाम नावडती. मागे पालकांना उभं करून टाळ्या वाजवायला सांगते. पहिल्या वेळी गुण पडतात, मुलं रडकुंडीला येतात. तिसऱ्या-चौथ्या शनिवारी कुठलं गाणं लागलं होतं विचारलं तर बऱ्याच जणांना आठवत नाही. आधीची यादी आणि शांतता त्या दिवशीही तशीच असते, फक्त त्यानंतर आवाजात जायचं.

तुमच्या मुलीची पहिलीच जिल्हा स्पर्धा आहे, तिथे हे काही नसेल. तेव्हा सध्या एवढंच करा. आणि लाल_माती दादा, तुमच्या ओळखीचा एखादा हलगीवाला शनिवारी आमच्या रेंजवर येईल का? मी खरंच विचारतेय.

---

लाल_माती (बुधवार, रात्री 9:12)

का नाही येणार. दोघं पाठवतो, घुमकंवाल्यासकट. वेळ कळवा.